क्रीडा व्यवस्थापनाचे शिक्षण : धावणारे आपले, कारभारी कोण?



गेल्या अंकातील शिक्षण निधीच्या वृत्तात 'क्रीडा व्यवस्थापन' या अभ्यासक्रमासाठी दोन अर्ज आल्याचा उल्लेख होता. त्यावर तीन-चार वाचकांची पत्रे आली. कुणी विचारले, खेळायला विद्यापीठ कशाला लागते? कुणी विचारले, पी.टी.चे सर होण्याचाच हा कोर्स ना? एका ज्येष्ठ बंधूंनी तर स्पष्ट लिहिले की मंडळीचे दान शिक्षणासाठी आणि औषधासाठी आहे, खेळासाठी नाही. असे सरळ विचारणारे वाचक लाभले याचा मला आनंद आहे. या अंकात त्या विषयाची माहिती देते, आणि माझे मतही.

पहिली गोष्ट. हा खेळ शिकवणारा अभ्यासक्रम नाही. तिथे कुणी कबड्डीची पकड शिकवत नाही किंवा धावण्याचा सराव घेत नाही. खेळ घडवून आणण्यासाठी मैदानाबाहेर जे काम लागते, त्याचे हे शिक्षण आहे.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या वाचकांनी आश्रमशाळांच्या स्पर्धा डोळ्यांसमोर आणाव्यात. राज्यात जवळपास ५०० शासकीय आश्रमशाळा आहेत, शिवाय अनुदानित वेगळ्या. दरवर्षी प्रकल्प पातळीवर स्पर्धा होतात, त्यातले विजेते विभागाला जातात, पुढे राज्याला. आपल्याकडची मुले नंदुरबार किंवा तळोदा प्रकल्पातून नाशिक विभागाला जातात. आता त्यामागे काय काय लागते ते मोजा. प्रवेशिका मुदतीत भरल्या पाहिजेत. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांसाठी जन्मतारखेचा पुरावा लागतो. मैदानावर फक्की मारली पाहिजे. पंच, शिट्ट्या, घड्याळे, छातीवरचे नंबर, पिण्याचे पाणी, मुलींसाठी कपडे बदलायला आडोसा, रुग्णवाहिका, रात्रीचा मुक्काम, सकाळचा नाश्ता, परतीची गाडी. आणि या सगळ्याचा हिशेब, पावत्यांसह.

यातले एक जरी चुकले तरी त्याचे मोल धावणारे मूल देते. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेला मी मुलींबरोबर गेले होते. तीन हजार मीटरची शर्यत सकाळी आठला होती. प्रमुख पाहुणे साडेअकराला आले, भाषणे झाली, आणि मुली दुपारी एकच्या उन्हात धावल्या. पाण्याचा टँकर दुसऱ्या मैदानावर उभा होता. दोन मुली चक्कर येऊन पडल्या. तिसरी चांगली धावणारी होती, पण तिच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स शाळेतच राहिली होती, म्हणून तिला धावूच दिले नाही. मुलींच्या पायांत काही कमी नव्हते. कमी होते ते कारभारात.

या कारभाराचे शास्त्र झाले त्याला साठेक वर्षे झाली. अमेरिकेतल्या ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ साली जेम्स मेसन नावाच्या प्राध्यापकांना पत्र लिहून विचारले, की संघ, मैदान आणि तिकीटविक्री सांभाळू शकेल असा शिकलेला माणूस कुठे मिळेल? तसे शिकवणारे विद्यापीठच तेव्हा नव्हते. १९६६ साली मेसन यांच्या प्रयत्नांतून ओहायो विद्यापीठात या विषयाची पदव्युत्तर पदवी सुरू झाली. तीच पहिली.

भारतात ही गरज खऱ्या अर्थाने भासू लागली ती अलीकडे. २००४ साली मुंबईत मोठी मॅरेथॉन सुरू झाली, २००८ साली आयपीएल आली, २०१४ साली प्रो कबड्डी आणि फुटबॉलची इंडियन सुपर लीग आली, २०२२ साली खो-खोचीही लीग झाली. पुण्यात बालेवाडीला १९९४ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा आणि २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. अशा प्रत्येक स्पर्धेत खेळाडूंइतकीच माणसे पडद्यामागे राबत असतात, आणि ती कुठून तरी शिकून यावी लागतात.

अभ्यासात काय असते? बारावीनंतरची पदवी साधारण तीन वर्षांची. त्यात हिशेब, अर्थशास्त्र, विपणन, कायदा, माणसे सांभाळण्याचे शास्त्र हे विषय वाणिज्य शाखेसारखेच असतात, फक्त उदाहरणे खेळातली. त्याच्या जोडीला स्पर्धेचे आयोजन, मैदान आणि क्रीडासंकुलाची देखभाल, प्रायोजक मिळवणे, प्रसारमाध्यमांशी व्यवहार, खेळाडूंचे करार, उत्तेजक द्रव्यांविषयीचे नियम. सुट्टीत आणि शेवटच्या सत्रात प्रत्यक्ष एखाद्या स्पर्धेत किंवा संस्थेत उमेदवारी करावी लागते. माझ्या मते या शिक्षणाचा निम्मा कस त्या उमेदवारीतच आहे. जी संस्था विद्यार्थ्यांना खऱ्या स्पर्धेवर पाठवत नाही, ती फक्त पुस्तके विकते.

एक छोटे उदाहरण देते, म्हणजे हा विषय हवेत राहणार नाही. तेरा गावांचे कबड्डी संघ आले आहेत आणि स्पर्धा बाद पद्धतीची आहे. किती सामने होतील? बारा. कारण प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो आणि शेवटी एकच उरायचा असतो. पण तेराची जोडी लागत नाही, म्हणून पुढची सोयीची संख्या सोळा धरायची आणि तीन संघांना पहिल्या फेरीत 'बाय' द्यायची. ती कुणाला द्यायची, यावरूनच गावोगावी भांडणे होतात. त्यासाठी चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढायच्या. तेच आठ संघ साखळी पद्धतीने खेळवले तर अठ्ठावीस सामने होतात. एका मैदानावर दिवसाला सात सामने धरले तर चार दिवस लागतील, चार दिवसांचे जेवण लागेल, आणि पावसाचा एक दिवस राखून ठेवावा लागेल. आपल्या युवक संघाने गेल्या नाताळात साखळी स्पर्धा दोन दिवसांत उरकायचे ठरवले होते. काय झाले ते नवापूरच्या वाचकांना ठाऊक आहे; अंतिम सामना जीपच्या दिव्यांत झाला.

आता सर्वांत महत्त्वाचा गोंधळ. 'स्पोर्ट्सचा कोर्स' या एका नावाखाली तीन वेगळे रस्ते येतात आणि आपल्या पालकांना ते एकच वाटतात. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असेल तर शारीरिक शिक्षणाची पदवी लागते, पदवीनंतरचे बी.पी.एड. दोन वर्षांचे आहे. प्रशिक्षक, म्हणजे कोच, व्हायचे असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेला देशभर मान आहे. ही संस्था १९६१ पासून आहे. क्रीडा व्यवस्थापनाची पदवी घेऊन यातले काहीच आपोआप होता येत नाही. ती कार्यालयातल्या, आयोजनातल्या, हिशेबातल्या माणसाची पदवी आहे.

आणखी एक गैरसमज. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे खरे. पण ते मैदानावर मिळवलेल्या आणि पडताळणी झालेल्या प्रावीण्याला आहे. क्रीडा विषयातल्या पदवीला नाही. तालुका किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी व्हायचे मनात असेल तर त्या पदाच्या जाहिरातीतली अर्हता शब्दन्‌ शब्द वाचावी. क्रीडा व्यवस्थापनाची पदवी तिथे चालेलच असे धरून बसू नये. एका खासगी संस्थेच्या माणसाने आपल्या भागात येऊन पालकांना नेमके उलटे सांगितले होते : हा कोर्स केला की खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी पक्की. त्याच्या बोलण्यावर एका बापाने बैलजोडी विकायला काढली होती. आपल्या पाळकांच्या कानावर वेळेत आले म्हणून बैल वाचले.

आता त्या दोन अर्जांविषयी लिहिते. नावे देत नाही.

मुलगा उत्तम धावतो. पाच हजार मीटरमध्ये विभागात तिसरा आला आहे. पहाटे चारला उठून डोंगराच्या रस्त्याने धावणारा, अबोल, कष्टाळू. त्याला हा कोर्स का करायचा आहे विचारले तर म्हणाला, "ताई, त्यात खेळ आहे ना." त्याला धावायचे आहे. म्हणजे त्याला चांगला प्रशिक्षक हवा, आहार हवा, आणि धावण्याबरोबर करता येईल अशी साधी पदवी हवी. आपल्यासमोर सावरपाड्याच्या कविता राऊत यांचे उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या छोट्या आदिवासी पाड्यावरची ही मुलगी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली, पुढे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावली. त्यामागे नाशिकच्या मैदानावर वर्षानुवर्षे घेतलेले प्रशिक्षण होते. या मुलाला तशाच मैदानाजवळ ठेवले पाहिजे. त्याला वर्गात बसवून विपणन शिकवणे म्हणजे पाण्यातला मासा टोपलीत ठेवणे.

मुलीची गोष्ट वेगळी आहे. ती धावपटू नाही. खो-खोच्या संघात राखीव असायची. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत बार्डोलीकडे जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, रोज किती ऊस तोडला, किती फिटले, किती राहिले, हे ती सातवीत असल्यापासून वहीत लिहिते. मुकादमाने एकदा दिवस कमी धरले तेव्हा तिची वही पुढे आली आणि वडिलांचे पैसे मिळाले. वसतिगृहात गेली दोन वर्षे स्पर्धांना जाणाऱ्या मुलांची कागदपत्रे तीच लावते. प्रत्येकाचा जन्मदाखला, बोनाफाईड, आधार, फोटो, सगळे एका पिशवीत, पिशवीवर नाव. त्या दोन वर्षांत कागदाअभावी आपले एकही मूल मैदानाबाहेर राहिले नाही. बारावी वाणिज्य, मार्क बरे आहेत, इंग्रजी कच्चे आहे. हा अभ्यासक्रम अशाच मुलीसाठी आहे असे मला वाटते.

गंमत अशी, की दोघांच्याही घरी उलटे मत होते. मुलाला मोठ्या कोर्सला पाठवा, मुलीला नर्सिंगला घाला. नर्सिंगविषयी माझ्या मनात आदरच आहे. आपल्या निधीतून शिकलेल्या कितीतरी परिचारिका आज या अंकाच्या वर्गणीदार आहेत. पण ज्या मुलीला रक्त पाहून घेरी येते तिला तिथे का पाठवायचे?

'मंडळीचे दान खेळासाठी कसे' या प्रश्नाकडे आता येते. धर्मशास्त्राच्या वर्गात आम्हाला प्रेषितांची कृत्ये शिकवताना सहाव्या अध्यायावर गुरुजी बराच वेळ थांबले होते. यरुशलेमेच्या मंडळीत रोजची वाटणी होत असे आणि ग्रीक बोलणाऱ्या विधवांना त्यात डावलले जाते अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी काय केले? प्रवचन केले नाही. सात माणसे निवडून त्यांच्या हाती वाटणीचा कारभार दिला. आणि त्या सातांची नावे पाहिली तर सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता बहुधा त्यांच्यातलीच माणसे कारभारी झाली. त्यांत पुढे हुतात्मा झालेला स्तेफन होता. जेवणाची वाटणी हे मंडळीने हलके काम मानले नाही; त्यासाठी आत्म्याने भरलेली माणसे शोधली.

आदिवासी मुलांच्या खेळाचेही असेच आहे. धावणारे आपले असतात. यादी करणारे, गाडी ठरवणारे, निधी मागणारे, कुणाला पाठवायचे आणि कुणाला नाही हे ठरवणारे बहुतेक बाहेरचे. त्यांच्यात चांगली माणसे पुष्कळ आहेत, ते नाकारत नाही. पण शहादा-धडगावच्या डोंगरातून पहाटेची गाडी नसते, ऊसतोडीच्या हंगामात पालक सहीला गावात नसतात, मुलीला परमुलखात रात्री कुठे झोपवायचे हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, हे ज्याने भोगले आहे तो वेळापत्रक वेगळे बनवतो. पौलाने करिंथकरांना लिहिताना धावणाऱ्याचे उदाहरण दिले, म्हणून आपल्या प्रवचनांत धावपटू नेहमी येतो. ज्याने ते मैदान झाडून तयार केले तो माणूस काही येत नाही.

खेळाला मिशनकार्यात जागा नाही असे म्हणणाऱ्यांना थोडा इतिहासही सांगावासा वाटतो. बास्केटबॉल हा खेळ ज्यांनी शोधला ते जेम्स नेस्मिथ मॉन्ट्रियलच्या प्रेस्बिटेरियन कॉलेजातून १८९० साली धर्मशिक्षण पुरे करून बाहेर पडलेले. पुलपिटावर जाण्याऐवजी ते अमेरिकेत स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत गेले. तिथे १८९१ च्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ असताना तरुणांनी आत काय खेळावे म्हणून त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीला टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल काढला. आज आपल्या प्रत्येक आश्रमशाळेत जाळी बांधून तो खेळतात. भारतात शारीरिक शिक्षणाचे पहिले महाविद्यालयही वायएमसीएनेच काढले; १९२० साली मद्रासला, हॅरी क्रो बक यांच्या हातून. धर्मशास्त्राची पदविका मीही घेतली आहे, त्यामुळे नेस्मिथ यांच्याविषयी मला जरा जास्तच आपुलकी वाटते हे कबूल करते.

आणि जयपालसिंग मुंडा यांना कसे विसरायचे? झारखंडच्या मुंडा समाजातला हा मुलगा रांचीच्या मिशन शाळेत शिकला, तिथून ऑक्सफर्डला गेला. १९२८ साली अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारताला हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळाले, त्या संघाचे कर्णधार ते होते. त्या स्पर्धेसाठी त्यांनी आय.सी.एस.ची नोकरी सोडली. हे बहुतेकांना माहीत असते. त्यांनी पुढे बंगाल हॉकी असोसिएशनचे सचिव म्हणूनही काम केले, ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडणारा माणूस खेळाच्या कार्यालयातही बसला होता. शंभर वर्षे होत आली. त्यानंतर अशी किती नावे आपल्याला सांगता येतील?

सध्या या कामाला आणखी एका कारणाने महत्त्व आले आहे. २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. क्रीडा संघटनांवर देखरेखीसाठी राष्ट्रीय मंडळ, वादांसाठी न्यायाधिकरण, खेळाडूंना निर्णयात वाटा, आणि महिला व अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेचे धोरण या गोष्टी त्यात आहेत. मुलींना स्पर्धेला पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या दृष्टीने शेवटची बाब मोठी आहे. पण कायदा कागदावर राहू नये यासाठी तो वाचलेली, नोंदवही ठेवणारी, तक्रार योग्य जागी पोचवणारी माणसे जिल्ह्या-जिल्ह्यांत लागतील.

हे सगळे म्हटल्यावर धोक्यांकडे डोळेझाक करून चालणार नाही. खासगी संस्थांचे वर्षाचे शुल्क लाखांत जाते, आणि या संस्था मुंबई-पुण्यात. राहण्याचा खर्च वेगळा. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक कंत्राटी आणि हंगामी असतात. लीग संपली की काम संपले. ओळखीपाळखीवर बरेच चालते, आणि आपल्या मुलांच्या ओळखी नसतात. इंग्रजी लागतेच. रविवार हा या धंद्यात कामाचा मुख्य दिवस, हेही पालकांनी आधीच समजून घ्यावे. उपासना चुकते म्हणून नंतर तक्रार नको.

म्हणून संस्था निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे? विद्यापीठ अनुदान आयोग दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, ती नजरेखालून घालावी. संस्था नुसते 'डिप्लोमा' किंवा 'सर्टिफिकेट' म्हणत असेल तर ते कोण देते, हे लेखी मागावे. मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज कुठे काम करतात, हे त्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचारावे. जाहिरातीतल्या क्रिकेटपटूच्या फोटोवर जाऊ नये. मुंबईत इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट ही माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांची संस्था २०१० पासून हा विषय शिकवते. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये पदव्युत्तर शिक्षण आहे. ग्वाल्हेरला १९५७ साली स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था केंद्र सरकारची आहे. मणिपूरमध्ये २०१८ च्या कायद्याने राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ झाले, आणि आपल्या राज्यानेही २०२० साली क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. ही नावे शिफारस म्हणून देत नाही. चौकशी कुठून सुरू करावी एवढ्यासाठी देते.

दुसरा एक रस्ता आहे, आणि सुरुवातीला माझा कल त्याच्याकडे होता. जवळच्या महाविद्यालयातून साधी बी.कॉम. करावी, तोवर तालुक्याच्या स्पर्धांत राबावे, इंग्रजी सुधारावे, आणि मग दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. खर्च निम्म्यावर येतो, आणि क्रीडा क्षेत्रात काम नाही मिळाले तरी वाणिज्य पदवी हातात राहते. मुलाबाळांना मी हाच सल्ला देत आले आहे. त्या मुलीला दिला तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ताई, तीन वर्षे मी घराजवळ राहिले तर चौथ्या वर्षी तुम्ही माझ्या लग्नाला याल." तिच्या थोरल्या बहिणीचे तसेच झाले होते, त्यामुळे मला उत्तर सुचले नाही. तिचे वडील शेजारी बसले होते. ते बराच वेळ जमिनीकडे पाहत होते, मग म्हणाले, "ताई, वही हिचीच बरोबर असते." तेवढेच बोलले. मी ती संमती धरली आहे.

तिच्या पैशांची जुळणी अशी आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना बारावीनंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. पण अभ्यासक्रम आणि संस्था त्या योजनेत बसते का, हे प्रवेशाआधी पाहावे लागते. पैसे भरून मग विचारणारे पालक मी पाहिले आहेत. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे मुंबई-पुण्यात आहेत, आणि तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून राहण्या-जेवण्यासाठी रक्कम खात्यावर येते. हे सगळे वजा जाता जे उरेल तेवढेच निधीकडे मागायचे असे ठरले आहे. मुलाच्या अर्जाचे रूपांतर तिच्याच सूचनेवरून वेगळ्या अर्जात केले : नाशिकला मैदानाजवळ खोली, बूट, आणि कला शाखेची फी. तो आकडा बराच लहान आहे.

वाचकांकडे तीन मागण्या आहेत. मुंबई-पुण्याच्या मंडळ्यांपैकी कुणाच्या घरी, शासकीय वसतिगृहात जागा मिळेपर्यंत, पहिले दोन-तीन महिने एका मुलीची सोय होऊ शकेल का? चालू स्थितीतला जुना लॅपटॉप कुणाकडे आहे का? आणि मॅरेथॉन, लीग किंवा क्रीडा संघटनेच्या कार्यालयात काम करणारे कुणी आपल्या मंडळीत असतील तर त्यांनी मला संस्थेच्या पत्त्यावर पत्र पाठवावे. फोनवर अर्धा तास त्या मुलीशी बोलले तरी पुष्कळ होईल. संवाद मराठीत चालेल, थोडा इंग्रजीत केला तर अधिक बरे.

प्रार्थनेत तिच्या जात वैधता प्रमाणपत्राची आठवण ठेवा. आजोबांचा शाळेचा दाखला मागितला आहे. आजोबा शाळेत गेले नव्हते, म्हणून आता जमिनीच्या जुन्या नोंदी काढायला तिचे वडील तलाठी कार्यालयात खेटे घालत आहेत. ऊसतोडीची टोळी निघायच्या आत त्या मिळायला हव्यात.